सत्तरनंतर अठ्ठावीस

राधा साळवेचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिच्याबद्दल एखादं वाकडं वाक्य आलं तर ते कुठून आलं हे कळेल. शेजारणीची नवी साडी बघून वाटतो तसला हा हेवा नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आत तो जागा होऊन बसलेला असायचा. आणि गंमत अशी की हेवा करावा असं राधाकडे काही नव्हतंच. ज्या आठवड्यात मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला त्याच आठवड्यात तिलाही निघाला. दोघींच्याही उजव्याच बाजूला. ती पन्नास वर्षांची, मी बावन्न. राहायला दोघी मुलुंडलाच, मी स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या सोसायटीत आणि ती भांडुपच्या अंगाला असलेल्या कॉलनीत.

आमची ओळख झाली हॉस्पिटलच्या बाकावर. जवळचंच, एका ट्रस्टचं हॉस्पिटल. तिथे जाण्याआधी मी आमच्या शेठना फोन करायला लावला होता. मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत चेकिंगला आहे, औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात तिथे. शेठ एका ट्रस्टीला ओळखतात. हॉस्पिटलात केसपेपरच्या आधी ओळख लागते, हे माझं पक्कं मत. माझे वडील धाकू घाडी गिरणीत होते, तेसुद्धा कुठेही जाताना आधी गाववाला शोधायचे. त्यामुळे नाव पुकारलं की थेट आत जायचं, अशा तयारीत मी पर्स मांडीवर धरून बसले होते. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाची एक उंच, हाडापेराने मजबूत बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ ताई, जरा पुढे सरका ना, इथे तीन माणसं उभी आहेत." अख्खं बाक सरकलं. मीही सरकले. मग कळलं की ही बसमध्ये कंडक्टर आहे.

थोड्या वेळाने तेजल सिस्टर बाहेर आली. तिशीच्या आतली पोरगी, बारीक आवाजाची, पण एकेक शब्द मोजून टाकणारी. तिने राधाला एक आणि मला एक असा लांब घडीचा कागद दिला. त्यावर ओळीने रकाने होते. पहिल्या आठवड्यात मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी. गुरुवारी सगळ्या डॉक्टरांची बैठक. मग ऑपरेशन. त्यानंतरचा पहिला दिवस, दुसरा, पंधरावा, एक महिना, एक वर्ष. प्रत्येक रकान्यात काय व्हायला हवं ते छापलेलं, आणि झालं की टिक करून सही करायला जागा.

"याला आम्ही पाथवे म्हणतो," तेजल म्हणाली. "ब्रेस्टच्या ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला हाच कागद. डॉक्टर कोण, ओळख कुणाची, यावर काही ठरत नाही. एकही पायरी गाळायची नाही, एकही उशिरा करायची नाही. कोणासाठी काही बदललं तर का बदललं, ते इथे लिहावं लागतं."

मी हळूच शेठचं नाव काढलं.

"हो काकू, फोन आला होता," ती हसून म्हणाली. "तुमची सोनोग्राफी मंगळवारी अकराला. राधाताईंची सव्वाअकराला."

फोन केलेल्या बाईत आणि न केलेल्या बाईत पंधरा मिनिटांचा फरक! मला अपमान झाल्यासारखं वाटलं. राधा मात्र कागद पूर्ण उलगडून बघत होती. "हा तर रूट बोर्डच झाला की गं," ती मला म्हणाली. "मुलुंड ते ठणठणीत, सगळे स्टॉप घेत." पहिल्याच भेटीत ती अगं-तुगंवर आली, तेही मला आवडलं नाही.

पुढचे सगळे रकाने आम्ही जोडीने भरले. ऑपरेशनही एकाच मंगळवारी, तिचं आधी आणि माझं नंतर. तिचंच आधी का, म्हणून मी विचारलंच. तेजल म्हणाली की राधाताईंना शुगर आहे, आणि शुगर असलेल्यांना जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही, म्हणून त्यांना पहिलं घेतात. कागदावर तसं छापलेलंही होतं. त्या दिवशी मला राधाच्या डायबिटीसचाही हेवा वाटला, आता बोला.

वॉर्डात आमच्या खाटा शेजारी आल्या. दोघींचाही एकेक स्तन काढलेला, काखेतल्या गाठी काढलेल्या, आणि कुशीतून एक नळी बाहेर येऊन खाली बाटलीत गेलेली. त्या नळीला ड्रेन म्हणतात. आत जे पाणी साठतं ते तिच्यातून बाहेर येतं. पहिल्या दिवसाच्या रकान्यात होतं उठणं, चालणं, जेवणं आणि हाताचा हलका व्यायाम. मी सगळं केलं. रकान्यांत टिकही झाल्या. पण दुपारी राधाचे मिस्टर आले, आणि मी जे बघितलं ते आजही विसरता येत नाही.

कुंडलिकभाऊ एका शाळेत शिपाई आहेत. गाव बुलढाण्याकडचं, बोलणं अगदी कमी. ते आले, थर्मासमधला चहा ओतून तिला दिला, आणि ती पिते आहे तोवर शर्टाच्या खिशातून कंगवा काढून तिच्या मागे उभे राहिले. तिचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून त्यांनीच केस विंचरायला घेतले. राधाचे केस तेव्हा कमरेच्याही खाली होते. गुंता सोडवताना ते केस मुळाशी धरून ठेवत होते, तिला ओढ बसू नये म्हणून. मग वेणी घातली.

"ही वेणी आहे की दोरखंड?" राधा म्हणाली.

त्यांनी वेणी सोडली आणि पुन्हा घातली.

माझे मिस्टर राजेश त्याच वेळी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "काय गो, बरा वाटता मा?" त्यांनी विचारलं आणि मोबाइलवर वेळ बघितली. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी घरून पेज घेऊन आले होते, तीही स्वतः केलेली. पण तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या केसांना हात लावला असेल तर तो केसांत अडकलेला कागदाचा कपटा काढायला. मी भिंतीकडे तोंड केलं. ऑपरेशनच्या जागी दुखत होतं त्याहून जास्त मला तो कंगवा दुखत होता.

वॉर्डाच्या दाराजवळ भिंतीवर आकड्यांची एक पट्टी चिकटवलेली आहे, सेंटिमीटरची. तिच्यासमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर वर चालवत न्यायची आणि जिथपर्यंत पोचतील तो आकडा सिस्टर कागदावर लिहिते. ड्रेन असेपर्यंत खांद्याच्या वर न्यायचं नाही, ड्रेन निघाला की पुढे. राधाने पट्टी खालून वर नीट बघितली आणि एकशे ऐंशीवर बोट दाखवलं.

"आमच्या गाडीतला दांडा इथे येतो," ती मला म्हणाली. "हात इथपर्यंत गेला तर बसवर ड्यूटी. नाही गेला तर डेपोत टेबलावर बसवतील. बसून बसून मरेन गं मी."

दुसऱ्या दिवशी घरी सोडताना तेजलने आम्हाला समोर बसवून शिकवलं. रोज सकाळी आठ वाजता बाटलीतलं पाणी मोजायचं, कागदावर लिहायचं, बाटली रिकामी करायची. सलग दोन दिवस तीस मिलीच्या खाली आलं की फोन करायचा, मग ड्रेन काढायचा. "कोणाचं आठ दिवसांत येतं, कोणाचं अठरा दिवसांत. दोन्ही बरोबरच," ती म्हणाली. "फक्त आकडा खरा लिहा. घाईने काढला तर पाणी आतच साठतं. त्यात जखम चिघळली की पुढची ट्रीटमेंट लांबते, आणि ती वेळेत सुरू होणं सगळ्यात महत्त्वाचं."

बाटली अडकवायला हॉस्पिटलची कापडी पिशवी मिळते. मी ती घेतली. राधाने कुंडलिकभाऊंना घरून आपली जुनी चामड्याची तिकिटाची बॅग आणायला लावली आणि बाटली त्यात ठेवून खांद्याला लावली. डॉक्टर मॅडमनी बोलावून ती बॅग बघितली, अख्खा वॉर्ड हसला. माझ्या पिशवीकडे कोणीही बघितलं नाही.

घरी आल्यावर रोज संध्याकाळी पाचला राधाचा फोन यायला लागला. "हॅलो प्रेमा, किती आलं?" पहिलं वाक्य हेच. मग स्वतःचा आकडा सांगायची. एकशे दहा. पंच्याऐंशी. साठ. पंचेचाळीस. चौतीस. माझं एकशे पन्नासवरून निघालं होतं ते हलायलाच तयार नव्हतं. एकशे तीस, एकशे वीस, एकशे पाच. ती म्हणायची, "येईल गं, येईल खाली," आणि मला वाटायचं, मिरवते आहे. राजेशना म्हटलं तर ते म्हणाले, "तुका काय शर्यत लावची आसा तिच्यावांगडा?" शर्यतच होती. पूर्वीसारखं प्रत्येकीला डॉक्टरने वेगवेगळं काही सांगितलं असतं तर मला कळलंही नसतं की मी मागे आहे. पण दोघींच्या हातात एकच कागद, तेच रकाने, तीच तारीख. तिचा रकाना भरला की माझा रिकामा रकाना आपोआप दिसायचा.

आठव्या दिवशी दुपारी तिने फोटो पाठवला. खांद्याला बॅग नाही, नळी नाही. अठ्ठावीस आणि चोवीस येऊन तिचा ड्रेन निघाला होता. खाली लिहिलं होतं, "आता तुझा नंबर." माझ्या बाटलीत त्या सकाळी सत्तर होतं. मी फोटो बघितला आणि मोबाइल उशीखाली ढकलला.

आता मी काय केलं ते लिहिते. नवव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी मोरीत उभी राहून पाणी मोजलं. सहासष्ट होतं. ओतून टाकलं, नळ सोडला, कागद घेतला आणि अठ्ठावीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी चोवीस. आकडेही स्वतःचे सुचले नाहीत, तिचेच उचलले.

हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी एकोणीस वर्षं चेकिंगला आहे. दर तासाला दहा झाकणं उचलायची, मापायची, आकडा शीटवर लिहायचा. शीट कोणत्या मुलीने खरोखर मापून भरलंय आणि कोणी जेवणाच्या सुट्टीनंतर एका दमात भरून टाकलंय, हे मी नुसत्या नजरेने सांगते. खरा आकडा थोडा वर जातो, थोडा खाली येतो, त्याला खोड असते. खोटा आकडा फार शहाण्यासारखा वागतो. अशा दोन मुलींना मी कामावरून घरी पाठवलंय. आणि माझ्याच अंगातल्या पाण्याचं शीट मी तसं भरलं.

शनिवारी तेजलने कागद बघितला. "एकदम उतरलं का काकू?"

"हो," मी म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता. ड्रेन निघाला. संध्याकाळी पाचला मीच राधाला फोन केला, तिच्या आधी. ती इतकी ओरडली आनंदाने की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "कुंडलिक, प्रेमाचा पण निघाला रे!" असं तिने घरात सांगितलेलं मला ऐकू आलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सोमवारी काखेखाली जड वाटायला लागलं. मंगळवारी तिथे फुगलं होतं. कुशीवर वळले की आत पाणी हलायचं, शेकायच्या रबरी पिशवीत हलतं तसं. मी सैल गाऊन घातला आणि कोणाला काही बोलले नाही. फोन केला तर तेजल विचारणार, अठ्ठावीस-चोवीसवर निघाला तर इतकं पाणी आलं कुठून? हात वर नेण्याचा व्यायाम बंद केला आणि कागदावर मात्र केला म्हणून टिक केली. एकदा लिहिलेलं खोटं सांभाळायला रोज थोडं नवीन लिहावं लागतं, ते त्या दोन दिवसांत कळलं.

मंगळवारी दुपारी राधा घरी आली, डब्यात तिळाची चटणी घेऊन. तिने माझ्या हॉलची भिंत बघितली आणि म्हणाली, "चल, उभी राहा. कितीपर्यंत जातो बघू. मी घरी चौकटीवर पेन्सिलने खुणा केल्यात." मी कंटाळा आलाय म्हटलं. तिने ऐकलं नाही. कंडक्टरच ती, माणसं उठवायची सवय. मला हाताला धरून उभं केलं आणि आधार द्यायला म्हणून तिचा हात माझ्या कुशीला लागला. तिने हात तसाच ठेवला.

"प्रेमा, हे काय आहे?"

"सूज आहे थोडी."

"सूज अशी हलते? कागद आण तुझा."

मी आणला नाही. तो टीव्हीशेजारीच होता, तिने घेतला. नुसतं एकदा वरून खाली बघितलं. मोजून पाच सेकंद.

"पंच्याऐंशी, पंच्याहत्तर, सत्तर," ती वाचत गेली, "अठ्ठावीस? सत्तर माणसं गाडीत होती, पुढच्या स्टॉपला अठ्ठावीस? बाकीची मधेच उतरली का, स्टॉप नसताना?" मग तिने कागद खाली ठेवला. "आणि हे अठ्ठावीस-चोवीस माझे आहेत."

मला रडू आलं नाही. राग आला. "हो, तुझेच आहेत," मी म्हटलं. "तुझी नळी निघाली म्हणून काढली मी. तुझं सगळं आधी होतं. सगळे तुझ्यावर हसतात, खूश होतात. तुझा नवरा तुझी वेणी घालतो. माझं काय आहे? निदान बाटली तरी तुझ्याबरोबर निघू दे, असं वाटलं मला."

मला वाटलं, आता राधा जवळ घेईल. तसं काही झालं नाही. "येडी आहेस का गं तू?" ती म्हणाली. "मी रोज पाचला फोन का करायचे? माझा आकडा सांगायला? मला घाबरायला व्हायचं यार. दोघींचा एकच आजार, एकच दिवस. तू ठीक आहेस कळलं की वाटायचं, आपणही ठीक असू. आणि तू मला खोटा आकडा सांगितलास." तिने चपला घातल्या. "उद्या नऊला हॉस्पिटलात भेट. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन."

मीच सांगितलं. तेजलने ऐकून घेतलं, आधी डॉक्टर मॅडमना बोलावलं, मोठी सुई लावून पाणी काढलं. दोनशे दहा मिली. चिघळलं नव्हतं, आणखी चार दिवस उशीर केला असता तर चिघळलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. सगळं आवरल्यावर तेजल माझ्याजवळ बसली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "काकू, तीस हा आकडा आम्ही देवळातून नाही आणला. वर्षाच्या शेवटी सगळ्या बायकांचे कागद एकत्र करून बघतो, कोणाचा ड्रेन कितीवर काढला, कोणाला पाणी साठलं. त्यावरून पुढच्या बाईचा कागद ठरतो. तुमचा कागद तसाच राहिला असता तर त्याने सांगितलं असतं की चोवीसवर काढला तरी दोनशे दहा साठतं." झाकणांच्या कंपनीत एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं. मी तिच्या समोर ते दोन आकडे खोडले, बाजूला खरे लिहिले आणि सही केली.

पाणी त्यानंतर आणखी दोनदा काढावं लागलं. राधा फोन करत नव्हती. पाच वाजले की मी मोबाइलकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी मीच केला. "नव्वद निघालं आज," मी म्हटलं, "खरं." मग ती म्हणाली, "येईल खाली." बस, तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आले. त्या दिवशी आम्ही चौघंही त्याच बाकावर होतो. इथपर्यंत दोघींचे कागद सारखे होते. या रकान्यापाशी मात्र दोन बाण आहेत. मॅडमनी माझ्या कागदावर खालच्या बाणाला टिक केली. काखेतल्या गाठी स्वच्छ, केमो नाही, शेक म्हणजे रेडिएशन नाही, फक्त रोज एक गोळी. राधाच्या पाच गाठींमध्ये आजार होता. तिची टिक वरच्या बाणाला. आठ केमो, त्यानंतर शेक. तेजलने तिच्या कागदाला खालून आणखी एक लांब घडीचा कागद जोडला. माझा होता तेवढाच राहिला.

बाहेर आल्यावर राधा जिन्यापाशी थांबली. कुंडलिकभाऊ औषधं आणायला गेले होते. तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी ओळखली. ती माझीच होती.

"आज मला तुझा हेवा वाटतोय गं, प्रेमा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पोटात आग पडलीय."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. महिनाभर मला जे हवं होतं ते मिळालं होतं. राधा साळवे माझ्याकडे बघून जळत होती. पण तो क्षण फार लहान निघाला. मी जिन्याच्या पायरीवर बसले. तीही बसली. तिने माझा हात धरला नाही आणि मीही तिचा धरला नाही. जिन्यावरून माणसं आमच्या कडेकडेने जात होती आणि त्या दिवशी तिने कोणालाही पुढे सरका म्हटलं नाही.

पुढचे आठ महिने तिचे होते, ते मी काय लिहिणार? केमोच्या खोलीत मी तिच्याबरोबर पाच वेळा बसले, तीन वेळा बसले नाही, कारण कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. तिचे केस दुसऱ्या केमोनंतर गेले. कुंडलिकभाऊंच्या खिशात कंगवा तसाच असायचा. ते तो काढायचे, बघायचे आणि परत ठेवायचे. मला तेव्हाही त्या कंगव्याचा हेवा वाटला. ही खोड माझी जाणार नाही. शेकाने तिचा खांदा आखडला. चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा दीडशेच्या आसपास येऊन एकीवर एक पडायला लागल्या. पाचचा फोन मात्र चालू राहिला, आता आकडा हाताचा असायचा. माझा हात मोकळा झाला होता. तिने विचारलं की मी म्हणायचे, "आहे तसाच."

वर्षाच्या रकान्यासाठी आम्हा दोघींना एकाच सकाळी बोलावलं. तपासणी झाली, दोघींचं ठीक होतं. शेवटी तेजलने भिंतीच्या पट्टीपाशी नेलं. राधाने आधी लावला. बोटं हळूहळू चढत गेली, तिचे डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. एकशे एकसष्टला थांबली. दांडा एकशे ऐंशीला. तिने डोळे उघडून आकडा वाचला आणि ती मागे जाऊन उभी राहिली. डेपोतलं टेबल तिला दिसलं असणार, मलाही दिसलं.

मग माझी पाळी. मी उंचीने तिच्या खांद्याला लागते. पण माझी बोटं सहज चढतात, घरी रोज एकशे पंच्याऐंशीपर्यंत जातात. मी दीडशेला आले, एकशे पंचावन्न, आणि अठ्ठावन्नवर बोटं थांबवली. चेहऱ्यावर दुखल्यासारखं आणलं.

"बस?" तेजलने पेन उघडलं.

"बस. एवढंच जातं."

मागून तो खणखणीत आवाज आला, वर्षापूर्वी बाकावर आला होता तसाच.

"ओ ताई, मधेच कुठे उतरता? तुमचा स्टॉप पुढे आहे."

मी मागे वळले नाही. वळले असते तर बोटं भिंतीवर राहिली नसती. एकशे साठ, एकसष्ट. तिच्या आकड्यावरून माझी बोटं पुढे गेली तेव्हा मला कसंतरी झालं. सत्तर. ऐंशी. पंच्याऐंशीला माझा हात पूर्ण ताणला गेला, तरी मी टाचा उचलल्या नाहीत.

"किती?" राधाने विचारलं.

"एकशे पंच्याऐंशी," मी म्हटलं, आणि तेजलने तसं लिहिलं.